गोड नसलेली साखर

१४ फेब्रुवारी १९९५, मंगळवार

पातेलं करपलं!

सगळा दोष माझा नाही. काकूंनी सांगितलं होतं, उकळी येऊ द्यायची नाही आणि चूलही विझू द्यायची नाही. मुळ्यांचं पाणी नुसतं हललं पाहिजे. हलायचं म्हणजे किती? तर म्हणाल्या, झोपलेल्या मांजराचं पोट हलतं तेवढं. आता मांजराच्या पोटाकडे माणूस किती वेळ बघणार? म्हटलं, टावर चौकात जाऊन एक कचोरी खाऊन येतो. एकाच्या दोन झाल्या. परत आलो तर मांजर जळलेलं.

काकू कॉलेजातून आल्या, पातेल्यात वाकून बघितलं. ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत हेच वाईट. म्हणाल्या, "शतावरी होती म्हणून वाचलास, यज्ञेश्वर. चिनी मुळी असती तर तिच्या जागी तुला उकळलं असतं."

काका पुढच्या दुकानातून वास काढत आले. करपलेल्यात बोट घातलं, चाटलं, आणि म्हणाले, फेकू नको, काळ्या मंजनात घालून टाकू. घातलं पण! वाकनीस फार्मसीत काही वाया जात नाही.

१६ फेब्रुवारी

ही डायरीसुद्धा फार्मसीचीच. दर पानाखाली मंजनाची जाहिरात आहे. म्हणजे मी वर काहीही रडगाणं लिहिलं तरी खाली शेवटी दात पांढरे होतात.

मी इथं टिकलो कसा, मलाच समजत नाही. चिपळूणची बेकरी सोडली, पुण्याचं हॉटेल सोडलं, मग यात्रेच्या बसवर भांडी घासायला लागलो. ती बस इथल्या देवास गेट स्टँडवर चहाला थांबली. मी उतरलो. बस सुटताना दिसत होती, मला मारलेल्या हाकाही ऐकू येत होत्या. पण चहा गरम होता. म्हटलं, जाऊ दे. समोर पाटीवर वाकनीस नाव दिसलं, आत शिरलो. गुहागरपासून इतक्या लांब मराठी माणूस भेटला म्हणून छाती भरून आली — आणि काका म्हणाले, "क्यूं भाई, काम धुंडून राहिला का?"

यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या पदरी वाकनीस होते. मराठी बोलतात, पण वाटेत कुठंही हिंदीला लिफ्ट देतात. मला काका 'यग्या' म्हणतात, माई 'यगू' म्हणतात, दूधवाला 'योगेश भिया' म्हणतो. पुरतं नाव फक्त काकूच घेतात. तेव्हा कोणीतरी मोठं माणूस मागं उभं आहे असं वाटून मी वळून बघतो.

आता मुळीची गोष्ट. काका म्हणतात, जगाची दारं उघडली! जो तो परदेशी माल विकून राहिला, तर आपण का नाही? म्हणून त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून चिनी मुळी मागवली. ह्वांग छी. पिवळ्या पिवळ्या पट्ट्या, डॉक्टर जीभ दाबायला घेतात तशा. वास हिरव्या वाटाण्याच्या शेंगांचा. काकांना त्याच्या शक्तीच्या कॅपसुला करायच्या होत्या. काकूंनी पिशवी उघडली, वास घेतला आणि तीच उचलून मागच्या खोलीत नेली. म्हणाल्या, आधी बघू तरी तुमच्या शक्तीत काय आहे.

काकू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. आणि त्यांचं काय आहे ते मला कालच नीट समजलं. सरकार चीनला शिक्षक पाठवणार आहे, सहा महिने, मुळ्यांचं शिकायला. काकूंचं नाव यादीत आहे. पण अट आहे — ह्वांग छी आणि आपली शतावरी, दोन्हींची साखर काढून, वाळवून, एप्रिल संपायच्या आत लखनौच्या मोठ्या लॅबला द्यायची. तिथं पास झाली तर जायचं. नाही झाली तर नाही. पुढच्या वर्षी वयात बसत नाहीत.

माई (काकांच्या आई, मंगलाबाई) परवा म्हणाल्या, एवढी विद्या शिकून शेवटी पातेलंच ढवळायचं, ते तर घरातही आहे की. काका नुसते हसले आणि मंजन मोजायला लागले.

१८ फेब्रुवारी

साखर आहे आणि गोड नाही! मी चाखून बघितली. फसवणूक!

काकू म्हणाल्या, साखरेचे मणी एकात एक अडकून लांब माळा होतात. इतक्या लांब की जीभ ओळखतच नाही. म्हटलं, मग तिला साखर कशाला म्हणायचं? म्हणाल्या, तू इथं आल्यापासून गुहागरला एकदा तरी फोन केलास? तरी आई तुला मुलगाच म्हणते ना?

 मी पातेलं घासलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज कॉलेजात गेलो. पाण्याचे कॅन वाहायला, पण गेलो! काकूंनी एक गंमत दाखवली. काचेच्या नळीत जांभळं पाणी. एकदम पैठणीच्या काठाचा रंग. त्यात मुळीच्या साखरेचे थेंब टाकले. हळूहळू जांभळं फिकट होत पिवळट झालं. मी विचारलं, रंग गेला कुठं?

लोखंडाला गंज चढतो, चिरलेलं वांगं काळं पडतं, तसं माणसालाही आतून काहीतरी लागत असतं. काही पदार्थ मधे पडतात आणि ते अंगावर घेतात. जांभळं पाणी म्हणजे भांडखोर माणूस. कोण मधे पडून त्याला शांत करतो ते बघायचं. असं काकूंनी सांगितलं, मला तेवढं समजलं.

मग मी माझी गंमत केली. काकूंची पाठ वळल्यावर माझ्या कपातल्या चहाचा थेंब नळीत टाकला. तर काय — भसकन पिवळं! मुळीपेक्षा कितीतरी जोरात! चहा जिंकला!

काकांना घरी येऊन सांगितलं. त्यांनी मुळीची पिशवी उघडून आत बघितलं. मग म्हणाले, "याने की टपरीवालाच आपल्यापेक्षा मोठा वैद्य निकाला?"

काकू हसून हसून बसल्या. म्हणाल्या, म्हणूनच तर साखर वेगळी काढायला स्पिरिट लागतं. चहात हजार भानगडी असतात. मला फक्त साखरेचं काम बघायचंय, म्हणून बाकी सगळ्यांना आधी घराबाहेर काढायचं. काकांनी विचारलं, आणि सगळे बाहेर गेल्यावर साखरेनं काही केलंच नाही तर? काकू म्हणाल्या, तर तसं लिहीन. काका म्हणाले, लिहू नको ना यार.

२ मार्च

माझ्या मित्राचा, परागचा फोन आला, समोरच्या एसटीडीवर. सुरतेला साड्यांच्या मार्केटात जागा आहे. म्हणतो, पाडवा झाला की ये. मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणतो.

१० मार्च

हे लिहूनच ठेवतो, कारण सांगितलं तर पराग हसेल.

मुळ्यांचा काढा आटवून आटवून मधासारखा केला, थंड केला. मग स्पिरिट. त्याचा पिंप काकांच्या कुलपात असतो, सरकारी परवाना आहे, दुपारी दुपारी कंपाउंडर लोक उगाच वास घ्यायला येतात. काकू म्हणाल्या, धार सुतासारखी पाहिजे. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं ढवळायचं, घाई केलीस तर गोळे होतील. पहिल्या वेळी गोळेच झाले. दुसऱ्या वेळी गोळे. काकूंनी माझा हात धरला नाही की काही नाही, शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि पेपर तपासायला लागल्या. तिसऱ्या वेळी माझे सतत हलणारे पाय थांबले. मी थांबवले नाहीत. आपोआप थांबले.

आणि त्या तपकिरी पाण्यातून पांढरे दोरे वर आले. आधी धूर असल्यासारखं, मग कापसाच्या वाती, मग बर्फ पडल्यासारखं सगळं हळूहळू खाली. (बर्फ मी बघितलेला नाही.)

काकू म्हणाल्या, माळांना पाण्यात बरं असतं. स्पिरिट आलं की त्या एकमेकींना बिलगतात आणि खाली बसतात.

माई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बसणारच. चांगल्या घरच्या आहेत."

२३ मार्च

रंगपंचमीचा रंग अजून कानात आहे. इथं होळीला नुसती तयारी करतात, खरा दंगा पंचमीला! टँकरनं रंग उडवतात. माईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हिरवी पट्टी आहे, आत बसा म्हणून सांगितलं होतं. ओट्यावर आल्या. कोणीतरी अख्खी बादली ओतली. आता नाक चोंदलंय, वास नाही, चव नाही, आणि एका डोळ्यावर कारभार. तरी पाडव्याचं श्रीखंड मीच करणार म्हणतात. गेली पन्नास वर्षं केलं म्हणे.

शतावरीची साखर वाळून बाटलीत गेली. पांढरीफेक. आता ह्वांग छीचा मोठा घाणा. पिशवीतली सगळी मुळी एकदम भिजवली.

काकांना काकूंनी विचारलं, मुंबईला अजून मिळेल का, थोडी हाताशी असावी. काका म्हणाले, नाही, व्यापाऱ्याकडचा माल खतम.

३१ मार्च, शुक्रवार

झाली! ह्वांग छी खाली बसली. धार मी सोडली, सुतासारखी, एकही गोळा नाही. स्पिरिटनं धुतली, काकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली. एवढा मोठा पांढरा गोळा!

मागच्या खोलीत मंजनाची धूळ उडते, म्हणून काकू म्हणाल्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खुंटीला टांग. स्पिरिट उडून जाईल, उद्या संध्याकाळी ताटात पसरू. टांगली. शेजारच्या खुंटीला माईंचा चक्का टांगलेला होता. तोही धोतराच्या फडक्यात. धोतर एकच, काकांचं.

उद्या पाडवा. परागला कळवलं, नऊ तारखेला निघतो.

१ एप्रिल, शनिवार, पाडवा

काय लिहू. कुठून लिहू.

काकूंना सकाळी परीक्षेची ड्युटी होती. सणाच्या दिवशी! दुपारी आल्या तेव्हा आम्ही पानांवर बसलोच होतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मधोमध श्रीखंडाचं पातेलं. केशर, वेलदोडा, वर चारोळी. माईंनी डावानं वाढलं. डाव वर गेला आणि श्रीखंड डावाबरोबर वर गेलं. तुटेना. माई डाव वर नेतायत, श्रीखंड येतंय. शेवटी काकांनी पुरीनं कापलं.

माई म्हणाल्या, दूधवाल्या गोवर्धननं दुधात आरारूट घातलंय. सकाळपासून चाळणीतून काढतेय, हात दुखून आले मेल्यापायी. साखर तर किती घातली, तरी पिऊनच टाकतंय.

काका म्हणाले, "आज एप्रिल फूल आहे, आई. आमचं बनवून राहिली ना?" आणि खाल्लं. छान आहे म्हणाले, चिक्की आणि श्रीखंडाच्या मधलं काहीतरी आहे.

काकूंनी बोटानं चाखलं. त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी वर खुंटीकडे बघितलं. एका खुंटीवर काही नाही. दुसऱ्या खुंटीवर गाठोडं, आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडतंय. उठल्या. गाठोड्याला हात लावला, नाकाशी नेला. मला इतक्या लांबून चक्क्याचा आंबट वास आला. कालपासून तो वास तिथंच होता, पण तेव्हा कोणाला गरज पडली होती?

मी हातातला घास पानात परत ठेवायला गेलो. तो बोटांनाच चिकटून बसला.

काकू परत येऊन पानावर बसल्या. वाटीतलं सगळं संपवलं. बोट चाटलं.

"छान झालंय, माई," म्हणाल्या. "वेलदोडा अगदी बरोबर पडलाय."

२ एप्रिल

काकू म्हणाल्या, घाबरू नको, खाण्याचीच मुळी आहे, स्पिरिट उडून गेलं होतं, पोटं तेवढी फुगतील.

फुगली! आणि नुसती फुगली नाहीत. माणसं चार, संडास एक. काका सकाळपासून मंजन सोडून रांगेत आहेत. माई म्हणतात, असं पोट साफ लग्नानंतर पहिल्यांदा झालं.

मी काकूंना म्हटलं, माईंना सांगू का? माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक डोळा, बंद नाक, आणि पन्नास वर्षांचं श्रीखंड. काय सांगणार आहेस?"

गोवर्धन दूध घालायला आला तेव्हा माईंनी त्याला ओट्यावरच उभा केला आणि उरलेलं चाखायला लावलं. त्यानं चाखलं. डोळे मिटून विचार केला. म्हणाला, "माताजी, भैंस मेरी है, पर ये चीज मेरी भैंस की नहीं है." माई भडकल्या. त्याच्या म्हशीपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. काकू मागच्या दारानं गल्लीत गेल्या, त्याला गाठलं, हात जोडून काहीतरी सांगितलं. तो आधी गोंधळला, मग इतका हसला की किटली हिंदकळली. बिचारा उद्यापासून आरारूटवाला म्हणून ऐकून घ्यायला तयार झालाय.

पण ह्वांग छी संपली. चिमूटभरही नाही. लखनौला द्यायचे दिवस उरले थोडे, आणि द्यायला आहे काय? शतावरीची बाटली. एकट्या शतावरीला कोण विचारतं! काकूंनी पातेलं पालथं घालून ठेवलं. संध्याकाळी नेहमीसारखे पेपर तपासले. एकाच पेपरवर बराच वेळ बसल्या होत्या. मी चहा ठेवला, तो तसाच राहिला.

४ एप्रिल

काकांना समजलं. माझ्याकडूनच. पातेलं पालथं का, म्हणून विचारलं, आणि मला खोटं बोलायला आधी विचार करावा लागतो, तेवढ्यात खरं निघून जातं.

काका आधी हसले. धोतराला डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, आईनं चीनच खाऊन टाकला! अख्ख्या घराला वाढला! मग म्हणाले, बरं झालं, कोण चाललं होतं सहा महिने तिथे बेडूक खायला.

मग हसता हसता विचारलं, विजया काय म्हणाली?

म्हटलं, छान झालंय म्हणाल्या. वेलदोडा बरोबर पडलाय म्हणाल्या.

काका हसायचे थांबले. काउंटरवरचं तागडं उगाच खालीवर केलं. मंजनाचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला म्हणाले, आज दुकान बंद आहे. दुकान सताड उघडं होतं.

५ एप्रिल

घरात कोणीच काही बोलत नाही. माई सोडून. माई दुधावर बोलतात.

७ एप्रिल, शुक्रवार

आज दुपारी मी मागच्या खोलीत माझी पिशवी भरत होतो. एक पँट, दोन शर्ट, डायरी. काकू शतावरीच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. म्हणाल्या, एवढं तरी पाठवते, काढलंय तर.

काका आत आले. हातात बिस्किटांचा मोठा डबा. तो डबा मी रोज बघतो, त्यांच्या गादीमागच्या कपाटात असतो, वरून हिशेबाच्या वह्या. त्यांनी तो काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण उघडलं. हिरव्या वाटाण्याचा वास आला.

पिवळ्या पट्ट्या! गच्च भरून!

 काका म्हणाले, इंदूरच्या व्यापाऱ्याला कॅपसुलांचा नमुना द्यायचा कबूल केलं होतं, त्याच्यासाठी म्हणून आधीच बाजूला काढून ठेवली होती. खतम झाली म्हणालो ते झूट होतं.

काकूंनी एक पट्टी उचलली, उजेडात धरली. "मग इंदूरचं काय?"

"इंदूरला मंजन देईन."

"जयंत, ही पास झाली तर मी जाईन."

"मालूम आहे," काका म्हणाले. "म्हणून तर लपवली होती. व्यापाऱ्याचं तर बहाणा होतं."

मी पिशवी पायानं बाकाखाली सरकवली. तिथं उभं राहायला मला लाज वाटत होती आणि बाहेर जायला वाट काकांनी अडवली होती. मग मी पातेलं उलटं करून सरळ ठेवलं. त्याचा फार मोठा आवाज झाला.

८ एप्रिल

परागला फोन केला, उद्या जमत नाही, मुळी भिजत घातली आहे. तो म्हणाला, कोणाची मुळी? म्हटलं, चीनची. तो म्हणाला, तू पिऊन आहेस का.

१२ एप्रिल

आज धार सोडली. काकांनी पिंपाचं कुलूप उघडून दिलं आणि निघून गेले. मी चहासुद्धा घेतला नाही. काकू या वेळी स्टुलावर बसल्या नाहीत, पेपर घेतले नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पांढरे दोरे आले. आले!

बसली सगळी तळाशी. वर पाणी स्वच्छ. मी म्हटलं, काकू, आता कुठं टांगू? काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते गाठोडं माझ्या कॉटवर, गजाला बांधून, खाली स्वतः झोपलो. सगळी धूळ मी खाल्ली. माईंनी दोनदा विचारलं, यगू, तिथं काय टांगलंय? म्हटलं, माझा सदरा वाळतोय.

२० एप्रिल

दोन बाटल्या गेल्या लखनौला, एक आपली, एक त्यांची. कापसात गुंडाळून. पोस्टातल्या बाबूनं विचारलं, अंदर क्या है? काका म्हणाले, "शक्कर." तो म्हणाला, वहाँ नहीं मिलती क्या?

काकांनी परत येताना टावरला गाडी थांबवून मला कचोरी घेतली. स्वतः खाल्ली नाही.

११ जून

वाट बघायचं काम माझ्या अंगात नाही. दर दोन दिवसांनी पोस्टमनला अडवतो. तो आता गल्ली बदलून जातो.

माईंची पट्टी निघाली, दोन्ही डोळ्यांनी घर बघितलं. म्हणाल्या, काय घाण करून ठेवलीय रे सगळ्यांनी.

सुरतेची जागा गेली. परागनं दुसऱ्याला लावलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, याचंच थोडं वाटलं.

२९ जून

आलं!! दोन्ही पास! काकूंनी मला वाचून दाखवलं, मधले मधले शब्द मला समजले नाहीत, पण जांभळ्या पाण्याचं समजलं. कोणती जास्त, म्हणून काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, दोघींत फार फरक नाही, आणखी तपासायला पाहिजे. काकांनी तेवढंच धरलं: म्हणजे आपली शतावरी चीनच्या बरोबरीची! आता बोर्ड रंगवतो! काकू म्हणाल्या, मी असं म्हटलेलं नाही. काका म्हणाले, तू तर चाललीस, आता मला कोण अडवणार?

म्हणून हसले. मग एकदम पाणी प्यायला गेले.

ऑगस्टात जायचं. आधी दिल्ली, मग विमान. माईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मला वाटलं, आता सुटेल तोंडाचा पट्टा. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, जा. पण दह्यादुधाचं नीट बघून घे तिकडे. इथल्या इथे गवळी आरारूट घालतो, ते तर परदेश.

काकूंनी तोंडावर पदर धरला. खोकल्या, असं दाखवलं.

१४ ऑगस्ट

घरभर बॅगा. काकांनी काकूंना बारा डबे मंजन बांधून दिलं आहे. काकूंनी दहा परत काढले.

मला म्हणाल्या, यज्ञेश्वर, मागची खोली तुझ्याकडे. शतावरीचा घाणा चालू ठेव, मला तिथून विचारायचं असेल तर विचारीन. आणि तुला जायचं असेल तर जा, पण सांगून जा. बस सोडलीस तसं नको.

मी हो म्हटलं. या वेळी हो म्हणायला वेळ लागला.

१७ ऑगस्ट, गुरुवार

काकू गेल्या.

काका स्टेशनवरून परतले, दुकान उघडलं नाही, सरळ मागच्या खोलीत आले. शतावरी चुलीवर होती. पातेल्यात वाकून बघितलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, काकूंचं स्टूल बाजूला सरकवलं आणि माझ्या हातातून पळी घेतली.

"ती कसं करायची, ते शिकव."